जुन्या आरसीसी पुलाची सस्टेनेबल दुरुस्ती: मटेरियल सगळ्यात शेवटी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: चाळीस-पन्नास वर्षं जुने, साधे आरसीसी गर्डर आणि स्लॅबचे पूल आहेत, खालून कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) सुटायला लागलंय, काही ठिकाणी सळया उघड्या पडल्यात, पिअर कॅपवर (खांबाच्या माथ्यावरच्या आडव्या तुळईवर) गंजाचे ओघळ आलेत, आणि आता दुरुस्ती करायची तर ती सस्टेनेबल पाहिजे अशी अट आहे. मग जिओपॉलिमर मॉर्टर (साध्या सिमेंटऐवजी दुसऱ्या बाइंडरचं) घ्यायचं, कार्बन फायबर लावायचं, कॅथोडिक प्रोटेक्शन (सळईला बारीक करंट देऊन गंज रोखणं) बसवायचं का सरळ पाडून नवीन बांधायचं?

पुलांची तपासणी आणि दुरुस्ती हेच माझं रोजचं काम आहे त्यामुळे हा प्रश्न मला सारखा विचारला जातो, आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्याच्या हातात दोन-तीन कंपन्यांची माहितीपत्रकं आधीच आलेली असतात. म्हणजे सुरुवातच मटेरियलपासून होते. माझ्या मते ते सगळ्यात शेवटी ठरवायचं. आधी पूल का खराब होतोय, किती वेगाने होतोय आणि अजून किती वर्षं तो वापरायचाय हे ठरलं की निम्मे पर्याय आपोआप गळतात. दुरुस्ती पर्यावरणाला किती जड पडली हे मोजायचं असेल तर पिशवीवर लिहिलेला कार्बनचा आकडा बघून भागत नाही, परत हात लावायची वेळ किती वर्षांनी येणार हे बघायचं. युरोपात कॉनरेपनेट नावाच्या प्रकल्पात प्रत्यक्ष झालेल्या दुरुस्त्यांचा मागोवा घेतला होता, त्यात साधारण निम्म्या दुरुस्त्या दहा वर्षांच्या आतच बिघडलेल्या निघाल्या. दहा वर्षांत उखडणारं ग्रीन मॉर्टर तीनदा लावलं, तीनदा परांची बांधली, तीनदा ट्रॅफिक वळवलं तर त्यात ग्रीन काय राहिलं?

आता निदान. चांगल्या काँक्रीटमध्ये सळईभोवतीचा पीएच साडेबारा-तेराच्या आसपास असतो, त्यामुळे सळईवर एक अगदी पातळ संरक्षक थर टिकून राहतो आणि ती गंजत नाही. हा थर दोन मुख्य कारणांनी जातो. एक म्हणजे कार्बोनेशन, हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून काँक्रीटमधल्या चुन्याशी रिअॅक्शन करतो आणि पीएच नऊच्या खाली आणतो. दुसरं क्लोराइड, समुद्राची खारी हवा, बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ, किंवा मुळात बांधतानाच खारं पाणी आणि न धुतलेली खाडीची रेती वापरलेली. गंजाची जागा मूळ लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट लागते म्हणून काँक्रीट आतून फुटतं. खालून बघितलं तर दोन्हीकडे चित्र सारखंच, फुगलेलं कव्हर आणि तांबडे डाग, पण औषध पूर्ण वेगळं.

कार्बोनेशन तपासायला फारसं काही लागत नाही. कोअर काढा किंवा छिन्नीने ताजा तुकडा फोडा, धूळ फुंकून काढा आणि लगेच फिनॉल्फ्थॅलीन फवारा. आतला भाग काही सेकंदांत गडद गुलाबी होतो आणि बाहेरून एक पट्टा तसाच करडा राहतो, तो करडा पट्टा म्हणजे कार्बोनेट झालेला भाग. तो मिलिमीटरमध्ये मोजा आणि त्याच जागेवर कव्हर मीटरने सळई किती आत आहे तेही मोजा. हे दोन आकडे शेजारी ठेवले की अर्धं उत्तर मिळतं, कारण कार्बोनेशनची खोली साधारण वर्षांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. पन्नास वर्षांत २० मिमी आत गेलं असेल तर ४० मिमीला पोचायला एकूण २०० वर्षं लागतील, म्हणजे जिथे कव्हर ४० आहे तिथे काळजीचं कारण नाही. पण त्याच गर्डरच्या तळाला कव्हर २५ असेल तर हिशेब ७८ वर्षांवर येतो, म्हणजे हातात अजून अठ्ठावीस वर्षं, आणि जिथे स्टिरप (मुख्य सळयांभोवतीची कडी) कव्हरच्या नावाने १० मिमीवर बसलीय तिथे गंज कधीच सुरू झालेला असणार. म्हणून अख्ख्या पुलाचं सरासरी कव्हर घेऊन रिपोर्ट लिहू नका, जुन्या कामात एकाच गर्डरवर कव्हर हातभर अंतरात दुप्पट-निमपट झालेलं सर्रास दिसतं.

क्लोराइडला मात्र पावडर घ्यावी लागते. ड्रिलने ०-१०, १०-२०, २०-३० असं टप्प्याटप्प्याने सळईच्या मागेपर्यंत, प्रत्येक टप्प्याची पिशवी वेगळी, आणि लॅबमधून सिमेंटच्या वजनाच्या टक्केवारीत आकडा. ०.४ टक्के ही साधारण धोक्याची रेषा मानतात, प्रत्यक्षात ती सिमेंट आणि ओलाव्यानुसार कमीजास्त होते. इथे नुसता आकडा बघू नका, प्रोफाइलचा आकार बघा. बाहेर जास्त आणि आत कमी होत गेलं असेल तर मीठ बाहेरून येतंय, ते थांबवता येतं. सगळीकडे सारखंच असेल तर ते मिक्समध्येच होतं, आणि अशा पुलाला कुठलाही पॅच किंवा कोटिंग वाचवू शकत नाही हे क्लायंटला पहिल्याच मीटिंगला सांगून टाका.

त्यावर हाफ सेल पोटेन्शियलचा नकाशा, म्हणजे काँक्रीटवर इलेक्ट्रोड टेकवून सळईचं व्होल्टेज जागोजागी मोजायचं. कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडने -३५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त निगेटिव्ह आलं तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांवर धरतात, -२०० पेक्षा कमी निगेटिव्ह असेल तर नसण्याची. पण ही शक्यता आहे, गंजाचा वेग नाही. आणि पाण्यात बुडालेल्या पिअरवर आकडे भयंकर निगेटिव्ह येतात तेव्हा घाबरून जाऊ नका, तिथे ऑक्सिजनच नसतो म्हणून पोटेन्शियल खाली जातं, गंज असेलच असं नाही. सोबत रेझिस्टिव्हिटी (काँक्रीट करंटला किती अडवतं ते) घ्या, १० किलोओहम-सेंटीमीटरच्या खाली असेल तर गंजाला मोकळं रान आहे असं समजा. आणि हातोडी सोडू नका, स्लॅबच्या खालच्या बाजूने हलके टोले मारत गेलं की भरीव काँक्रीट टणटण वाजतं आणि सुटलेलं बद्द वाजतं, खडूने त्याची सीमा आखत जायची. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीची टेस्ट, फक्त करणाऱ्याने एकेक फूट जागा पोचून वाजवली पाहिजे, जमिनीवरून दुर्बिणीने होत नाही.

आता पाणी. मी पुलाखाली गेलो की आधी गर्डरची टोकं आणि पिअर कॅप बघतो, आणि बहुतेक जुन्या पुलांत सगळ्यात वाईट अवस्था तिथेच असते, कारण वरचा एक्स्पान्शन जॉइंट (दोन स्लॅबमध्ये हालचालीसाठी ठेवलेली फट) गळत असतो. जॉइंटमधून खाली येणारं पाणी मीठ, माती, तेल सगळं घेऊन गर्डरच्या टोकावर आणि बेअरिंगवर (गर्डर ज्यावर टेकतो त्या आधारावर) उतरतं, कॅपवर साचतं आणि कचऱ्याखाली महिनोन्‌महिने ओल धरून ठेवतं. दुसरी जागा म्हणजे आखूड ड्रेनेज पाइप, स्लॅबच्या खाली जेमतेम दोन बोटं बाहेर आलेला, त्यातलं पाणी वाऱ्याने शेजारच्या गर्डरवरच जातं. तिसरी म्हणजे स्लॅबच्या कडेला खाली पाणी तोडणारी खाच नसणं. ही तिन्ही कामं, जॉइंट बदलणं, पाइप गर्डरच्या तळाच्याही खाली नेणं, कडेला ड्रिप करणं, कुठल्याही प्रेझेंटेशनमध्ये सस्टेनेबल म्हणून मिरवत नाहीत, पण खर्चाच्या आणि कार्बनच्या मानाने यांच्याइतकं फळ दुसरं काहीच देत नाही. शक्य असेल तिथे जॉइंटच काढून टाकून डेक स्लॅब (गाड्या जातात तो वरचा स्लॅब) सलग करता येतो, लिंक स्लॅब म्हणतात त्याला, मूव्हमेंटचा आणि बेअरिंगचा हिशेब करून. जो जॉइंटच नाही तो गळणार कसा. वर वॉटरप्रूफिंग नसेल तर डांबर उकरायची वेळ येईल तेव्हाच ते करून घ्या, स्वतंत्र कामासाठी परत रस्ता बंद करू नका.

गंजाला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतं. कार्बोनेट झालेलं काँक्रीट कोरडं राहिलं तर आतला गंज इतका मंदावतो की पुढची कित्येक वर्षं त्याला हात न लावताही चालतं. नुसतं पाणी थांबवून वर लक्ष ठेवत राहणं ही पण एक दुरुस्तीची पद्धतच आहे, युरोपियन स्टँडर्ड ईएन १५०४ च्या नवव्या भागात तर काही काळ काहीच न करता निरीक्षण करणं आणि क्षमता कमी धरून वापर मर्यादित करणं हे रीतसर पर्याय म्हणून दिलेत. आपल्याकडच्या इंजिनिअर लोकांना असं लिहायला संकोच वाटतो कारण काम केल्यासारखं दिसत नाही. पण तपासणीच्या आकड्यांचा आधार असेल तर बिनधास्त लिहा.

क्लोराइड असलेल्या पुलावर मात्र नुसतं असं बसून चालत नाही आणि तिथेच पॅच रिपेअरचा घोळ सुरू होतो. नेहमीची पद्धत काय, फुटलेलं काँक्रीट काढलं, सळई ब्रशने घासली, मॉर्टर भरलं, वर करड्या रंगाचं कोटिंग. तीन-चार वर्षांनी जाऊन बघा, पॅच जसाच्या तसा शाबूत असतो आणि त्याच्या कडेलगत, एखाद्या वीतभर अंतरावर, जुन्या काँक्रीटमध्ये नवीन तडा आणि नवीन गंज. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो माझा पॅच बघा किती छान आहे, आणि तो खरंच बोलत असतो. होतं असं की आधी जिथे गंज जोरात चालू होता तो भाग अॅनोड (स्वतः गंजणारी बाजू) होता आणि शेजारच्या सळईला तो नकळत सांभाळून घेत होता. तुम्ही तिथे ताजं, अल्कलाइन, मीठ नसलेलं मॉर्टर भरलं, तो भाग आता कॅथोड (सुरक्षित राहणारी बाजू) झाला आणि शेजारचं क्लोराइडने भरलेलं, वरून चांगलं दिसणारं काँक्रीट नवीन अॅनोड. म्हणजे पॅचने गंज थांबवला नाही, बाजूला सरकवला. हे मटेरियलच्या दर्जावर अवलंबून नाही, कितीही भारी मॉर्टर घ्या.

यावर दोन मार्ग आहेत. एक म्हणजे क्लोराइडचा आकडा जिथपर्यंत जास्त आहे तिथपर्यंत सगळं काँक्रीट काढणं, वाजवून भरीव लागलं तरीही. यात काँक्रीट खूप निघतं, मलबा होतो, आणि सळईभोवतीचं काँक्रीट जातं म्हणून पुलाला टेकू द्यावे लागतात. दुसरा मार्ग म्हणजे इलेक्ट्रोकेमिकल, खराब झालेलं तेवढंच काढायचं आणि बाकीच्या सळईला करंट देऊन सांभाळायचं. पॅचच्या कडेला सळईला बांधायचे झिंकचे छोटे अॅनोड मिळतात, ते स्वतः झिजतात आणि शेजारच्या सळईला वाचवतात, साधारण दहा-वीस वर्षं, ओलावा आणि मिठाप्रमाणे. वीज नको, देखभाल नको. पण दोन गोष्टी सांभाळा: सळईला अॅनोडचं इलेक्ट्रिकल कनेक्शन मीटरने तपासूनच मॉर्टर भरा, आणि त्या पॅचमध्ये जास्त रेझिस्टिव्हिटीचं पॉलिमर मॉर्टर किंवा सळईवर इपॉक्सी लावू नका, करंट जायला वाटच राहत नाही. अॅनोडही लावलाय आणि सळईला इपॉक्सीही फासलंय अशी स्पेसिफिकेशनं सर्रास बघायला मिळतात, दोन वेगवेगळ्या पत्रकांमधून उचलून चिकटवलेली.

खूप मोठा भाग बाधित असेल, समुद्रातले पिअर वगैरे, तर बाहेरून करंट देणारं कॅथोडिक प्रोटेक्शन. पुलावर हे पहिल्यांदा १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्लाय पार्क पुलाच्या डेकवर रिचर्ड स्ट्रॅटफुल यांनी बसवलं, म्हणजे ही काही कालची टेक्नॉलॉजी नाही. टायटॅनियमची जाळी किंवा पट्ट्या बसवतात, सळईच्या दर चौरस मीटर पृष्ठभागाला २ ते २० मिलिअँपिअर करंट लागतो. हजार चौरस मीटर सळई धरली तरी जास्तीत जास्त २० अँपिअर, काही व्होल्टवर, म्हणजे शंभर-दोनशे वॅट, वीज हा मुद्दाच नाही, काही सोलर पॅनल आणि बॅटरी पुरते. मुद्दा आहे तो माणसाचा. करंट बंद केल्यावर पोटेन्शियल १०० मिलिव्होल्ट सावरतं का हे वेळच्यावेळी बघणारं कुणीतरी पाहिजे. ते बघणारं कुणी नसेल तर दोन-चार वर्षांत कुठलीतरी केबल तुटते, पेटी बंद पडते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. ज्या खात्याकडे देखभालीचा माणूस आणि बजेट नाही तिथे मी हे सुचवत नाही, झिंकवर भागवतो. आणखी एक, पुलात प्रीस्ट्रेसिंगच्या (काँक्रीट दाबून धरायला ताणलेल्या) तारा असतील तर जास्त करंटने हायड्रोजन तयार होऊन तारा ठिसूळ होण्याचा धोका असतो, तिथे तज्ज्ञाशिवाय हात लावायचा नाही. बाहेर तात्पुरता अॅनोड लावून काही आठवडे चौरस मीटरला १ अँपिअरपर्यंत करंट देऊन क्लोराइड ओढून काढायची पद्धतही आहे, चांगली आहे, पण सळईच्या मागचं मीठ बरंचसं तिथेच राहतं आणि खडीत अल्कली-सिलिका रिअॅक्शनची (अल्कलीमुळे खडी फुगून काँक्रीट तडकण्याची) शक्यता असेल तर सळईजवळ अल्कली वाढून नवीन दुखणं मागे लागू शकतं.

काँक्रीट काढायचं कसं यावर फार कमी लोक विचार करतात. जड ब्रेकरने ठोकलं की उरलेल्या काँक्रीटच्या पृष्ठभागात बारीक तडे जातात, वरून दिसत नाहीत, आणि पॅच निघतो तो जोडातून न निघता त्या तडकलेल्या जुन्या थरातून निघतो. हाय प्रेशर पाण्याने, हजार बारच्या वर, काढलं तर हे होत नाही, सळईही स्वच्छ होते आणि खरबरीत पृष्ठभाग मिळतो. पण ते पाणी गढूळ आणि खूप अल्कलाइन असतं, ते नदीत सोडलं तर मासे मरतात, गोळा करून गाळ बसवून पीएच खाली आणूनच सोडायचं. ती व्यवस्था नसेल तर हलक्या हातोड्या वापरा आणि शेवटचा थर सँडब्लास्टने काढा. सळईच्या मागे किमान २०-२५ मिमी मोकळं करायचं, अर्धी सळई जुन्यात आणि अर्धी नव्यात ठेवायची नाही. पॅचची कड करवतीने सरळ कापायची, पंखासारखी निमुळती नको.

आणि मॉर्टर निवडताना जास्त स्ट्रेंग्थ म्हणजे जास्त चांगलं हे डोक्यातून काढून टाका. जुनं काँक्रीट २० मेगापास्कलचं आणि पॅच ७०चा, म्हणजे पॅच जास्त कडक, आकसताना जोडावर ताण, कडेला तडा आणि तिथून पाणी आत. ईएन १५०४ मध्ये आर३ आणि आर४ असे वर्ग आहेत, आर४ ला स्ट्रेंग्थ ४५ मेगापास्कल आणि जोडाची पकड २ मेगापास्कल लागते, आर३ ला २५ आणि १.५. अनेक जुन्या पुलांना आर३ च जास्त जुळतं. मी पत्रकात आकसण्याचा आकडा आधी बघतो, मग इलॅस्टिक मॉड्युलस (कडकपणा), स्ट्रेंग्थ शेवटी. आणि क्युरिंग! चार सेंटीमीटरचा थर उन्हावाऱ्यात एका दुपारी वाळून जातो. ओलं गोणपाट आणि वर प्लास्टिक, निदान सात दिवस, हे न करता कुठल्याही मटेरियलबद्दल तक्रार करू नये.

ग्रीन मटेरियलबद्दल तुमचा थेट प्रश्न आहे म्हणून सांगतो. साध्या क्लिंकरच्या (जे दळून सिमेंट बनतं त्याच्या) एक किलोमागे साधारण ८५० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो आणि त्यातला निम्म्याहून जास्त चुनखडीतूनच येतो, इंधन कितीही स्वच्छ केलं तरी. त्यामुळे स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) किंवा फ्लाय अॅश (कोळशाची राख) मिसळलेलं सिमेंट चांगलंच, स्लॅगवालं तर क्लोराइडलाही छान अडवतं. पण अशा मिश्रणांना क्युरिंग जास्त लागतं, आणि पातळ थरात कमी क्युरिंग झालं तर कार्बोनेशन लवकर आत जातं, म्हणजे समुद्राकाठी फायद्याचं आणि कोरड्या शहरी पुलावर बिनकाळजीने लावलं तर तोट्याचं. जिओपॉलिमरचा बाइंडर हलका असतो पण त्यातलं सोडियम सिलिकेट बनवायलाही ऊर्जा जाते, तो आकडा विक्रेत्याकडून मागून घ्या. पुलाच्या कामात मी त्याला नाही म्हणत नाही, आकसणं, मॉड्युलस, रेझिस्टिव्हिटी आणि साइटवरच्या पुल-ऑफ टेस्टचे (थर ओढून जोडाची पकड मोजायची) आकडे दिले तर वापरा, आधी एखाद्या कमी महत्त्वाच्या भागावर, रिटेनिंग वॉल किंवा अबटमेंटच्या (पुलाच्या टोकाच्या आधाराच्या) बाजूच्या भिंतीवर, दोन पावसाळे काढू द्या.

आता एक हिशेब, काल्पनिक आहे पण आकड्यांचा आवाका समजतो. समजा दुरुस्तीला १० घनमीटर मायक्रोकाँक्रीट (बारीक खडीचं दुरुस्तीचं काँक्रीट) लागलं, घनमीटरला ४५० किलो सिमेंट, म्हणजे साडेचार टन सिमेंट, साधारण ४ टन कार्बन डायऑक्साइड. त्याच पुलावरून दिवसाला २०,००० गाड्या जातात आणि पूल बंद ठेवल्यामुळे प्रत्येकीला ५ किलोमीटर वळसा पडतो, किलोमीटरला २०० ग्रॅम धरलं तर दिवसाला २० टन. म्हणजे अख्ख्या दुरुस्तीच्या सिमेंटपेक्षा पाचपट, रोज! नवीन छोटा पूल बांधायला ३०० घनमीटर काँक्रीट आणि ४५ टन लोखंड लागलं तर तो आकडा ढोबळमानाने २०० टनांच्या घरात जातो, म्हणजे दहा दिवसांचा वळसा. असा गजबजलेला पूल असेल तर मॉर्टर कुठलं यापेक्षा काम रात्री करता येईल का, अर्धा-अर्धा रस्ता चालू ठेवता येईल का, खालूनच करता येईल का हे शंभरपट महत्त्वाचं. पण तोच पूल आडरस्त्यावर असेल, दिवसाला ५०० गाड्या, तर वळशाचा आकडा दिवसाला अर्ध्या टनावर येतो आणि मग मटेरियल आणि मलबा यांना खरंच वजन येतं. म्हणून सगळ्या पुलांना एकच ग्रीन स्पेसिफिकेशन लावणारं परिपत्रक मला पटत नाही.

स्ट्रेंग्थनिंगचं. सळईचा सेक्शन किती गेला ते घासून, कॅलिपरने मोजा, क्लोराइडच्या खड्ड्यांमध्ये सरासरी फसवते, सगळ्यात बारीक जागा बघा. मग आहे त्या अवस्थेत क्षमतेचा हिशेब करा, शक्य असेल तर लोड टेस्ट करा, जुने पूल बऱ्याचदा कागदावरच्यापेक्षा जास्त घेतात आणि काहीच वाढवायची गरज नसते. गरज असलीच तर कार्बन फायबर वजनाच्या मानाने अफाट काम देतं, स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नजवळच्या इबाख पुलावर १९९१ मध्ये १७५ किलो स्टीलच्या जागी ६.२ किलो कार्बन फायबरने भागलं होतं. पण गंज चालू असलेल्या काँक्रीटवर फायबर गुंडाळणं म्हणजे किडलेल्या दातावर कॅप बसवणं, आत काय चाललंय ते दिसणंही बंद होतं. आधी गंजाचा बंदोबस्त, मग फायबर, आणि आगीत किंवा ट्रकच्या धडकेत फायबर गेलं तरी पूल स्वतःचं वजन आणि थोडी वाहतूक पेलू शकला पाहिजे एवढी मूळ ताकद शिल्लक हवीच.

डेकसाठी मला सगळ्यात जास्त भरवसा वाटतो तो यूएचपीएफआरसीचा, म्हणजे स्टील फायबरवालं अति-उच्च क्षमतेचं काँक्रीट. लेक जिनिव्हाच्या काठावरचा शियों व्हायाडक्ट, १९६९ चा, दोन किलोमीटरहून लांब, त्याच्या काँक्रीटमध्ये अल्कली-अॅग्रिगेट रिअॅक्शनची (वर सांगितलेल्या खडी फुगण्याच्या दुखण्याची) लक्षणं दिसली होती, तिथे २०१४-१५ मध्ये डेकवर जेमतेम ४ सेंटीमीटरचा सळया घातलेला थर टाकला, त्याने ताकदही वाढली आणि पाणीही बंद झालं. यात घनमीटरला सिमेंट साध्या काँक्रीटच्या दुपटी-तिपटीने जातं, कार्बनचा आकडा बघून लोक दचकतात, पण थर चार सेंटीमीटरचा आणि वेगळं वॉटरप्रूफिंग लागत नाही, दर चौरस मीटरला, दर वर्षाला भागून बघा मग चित्र बदलतं. पिअरचं जाडजूड आरसीसी जॅकेटिंग (बाहेरून नव्या काँक्रीटचा वेढा) मात्र मी गरज असेल तरच करतो, नदीतला अडथळा वाढतो, पायावर वजन वाढतं, आणि आतलं मीठ तसंच राहतं.

एक इशारा मनापासून देतो. दुरुस्तीसाठी काँक्रीट काढतो तेव्हा आपण चालू पुलाची ताकद कमी करत असतो, आणि टेकू न देता भरलेला पॅच डेड लोडमधला (पुलाच्या स्वतःच्या वजनातला) वाटा उचलत नाही, फक्त पुढे येणाऱ्या लोडमधला उचलतो. कॅनडात लावालमधला द ला कोंकोर्द ओव्हरपास, १९७० चा, ३० सप्टेंबर २००६ ला कोसळला, पाच माणसं गेली. मूळ कारण सळयांची चुकीची जागा, शिअर स्टील (तिरके तडे अडवणाऱ्या सळया) नसणं आणि हलक्या दर्जाचं काँक्रीट. तिथे १९९२ मध्ये जॉइंटची दुरुस्ती झाली होती, काँक्रीट उकरलं होतं, सळया डोळ्यासमोर होत्या, आणि तरीही धोका कुणी ओळखला नाही. म्हणून उकरल्यावर जे दिसेल त्याचे फोटो काढा, ड्रॉइंगशी ताडून बघा, आणि जुळत नसेल तर काम थांबवून डिझायनरला बोलवा. हाफ जॉइंट (एका भागाचं टोक दुसऱ्याच्या खाचेवर टेकवलेला जोड) असेल तर दुप्पट सावध राहा, तिथे शिअरचा तडा बाहेरून दिसेलच असं नाही.

पाडायचं कधी? क्लोराइड मिक्समध्येच असेल आणि सळई बहुतेक सगळीकडे गंजली असेल, पाया उघडा पडला असेल, किंवा पुराच्या पाण्याला पुलाखालून वाटच पुरत नसेल तर पाडा, तिथे दुरुस्ती म्हणजे पैसा आणि सिमेंट दोन्ही पाण्यात. पाया आणि पिअर चांगले असतील तर फक्त वरचं सुपरस्ट्रक्चर बदलता येतं, हा मधला रस्ता बऱ्याचदा कुणी सुचवतच नाही.

टेंडर करताना काही गोष्टी घाला. काँक्रीट काढण्याचं प्रमाण तपासणीपेक्षा नेहमी वाढतं, त्यासाठी दर आधीच ठरवून ठेवा नाहीतर वाढीव काम टाळायला कॉन्ट्रॅक्टर सळईच्या मागे जाणारच नाही. पुल-ऑफ टेस्ट पॅचवर करा, वेगळ्या टाकलेल्या स्लॅबवर नको. क्युरिंगला वेगळी आयटम लावा म्हणजे ती होते. जॉइंट आणि पाइप साफ करण्याचं पाच वर्षांचं काम त्याच करारात टाका. आणि काम संपताना तोच हाफ सेलचा ग्रिड परत मोजून घ्या, तीन वर्षांनी पुन्हा, जागा कायमच्या रंगाने आखून ठेवा.

तुमच्या पुलांचे क्लोराइड प्रोफाइल, कव्हरचे आकडे, रोजच्या गाड्या आणि बंद ठेवला तर वळसा किती, एवढं एका पानावर मांडा, सोबत जॉइंटच्या खालच्या गर्डर-टोकांचे फोटो. मग झिंक अॅनोड, यूएचपीएफआरसी डेक आणि नुसतं पाणी थांबवून लक्ष ठेवणं या तिन्हींची तुलना पुलागणिक करता येईल, आणि माझा अंदाज आहे की सगळ्या पुलांना एकच उत्तर निघणार नाही.